पारसनीसांची फारसी

आडनाव म्हणजे पायातला जोडा. बापानं दिला की घालायचा, अन् कुठं चावतो ते ज्याचं त्यानं सोसायचं. मला माझं आडनाव कधी चावलं नव्हतं. शिक्षण म्हणाल तर चौथी, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. पण बुऱ्हाणपुरात लग्न कोणाचंही असो, मांडवाच्या दारात पाटी लटकायची ती आमची: "पारसनीस बिछायत केंद्र". वधू कोणाची, वर कोणाचा, हे एकवेळ पाहुण्यांना ठाऊक नसायचं, पण मांडव कोणाचा ते लहान पोरंसुद्धा सांगायची.

जोडा पहिल्यांदा चावला तो माझ्या पोराला. नंदकुमार त्या वर्षी मॅट्रिकला होता. शाळेत पोरं त्याला "बावाजी, बावाजी" करायची, पारशी समजून अग्यारीचा पत्ता विचारायची. एकदा गणिताच्या मास्तरांनीही "काय बावाजी" म्हणून हाक मारली, अन् पोरगं पेटलं. घरी येऊन म्हणालं, "मॅट्रिकच्या फॉर्मात मी पाठक लिहिणार. सर्टिफिकेटावर एकदा छापलं की जन्माचं छापलं."

आता पाठक म्हणजे कोण, तर माझी सासुरवाडी. सासरे दिवाळीला चार दिवस येऊन राहायचे तेच मला जड जायचे. हे तर कायमचे राहायला येणार, अन् तेही पोराच्या नावात बसून. मी बायकोकडं, कुसुमकडं पाहिलं, तर ती भाजी निवडत होती. पण निवडता निवडता हसत होती, हे मी विसरलेलो नाही.

मी नंदूला म्हणालो, "पारसनीस या नावाला अर्थ आहे."

तो म्हणाला, "आहे ना. फारसी लिहिणारा. दरबारात कोणी लिहीत असेल. आज आपल्या घरात कोणाला एक अक्षर येतं? बाबा, ज्या दुकानात माल नाही त्याची पाटी कशाला लावायची?"

धंदेवाल्याच्या पोरानं बापाला असं धंद्यातलंच बोलावं, म्हणजे उत्तरच देता येत नाही. मी म्हणालो बघू. फॉर्म जायला थोडे दिवस होते.

त्या वर्षी सगळंच इकडचं तिकडं होत होतं. नवं राज्य झालेलं. आमचे कागद नागपूरला जायचे ते आता भोपाळला जायला लागले. नागपूर म्हणायचं, आमचा संबंध संपला. भोपाळ म्हणायचं, आमचा अजून सुरू व्हायचा आहे. मधल्या मधे बुऱ्हाणपूर. त्यातच एक पत्र आलं की इराणातले एक मोठे विद्वान, आगा दिलावरी, आमच्या किल्ल्यातला जुना हमाम बघायला येताहेत, तरी फारसी जाणणारा दुभाष्या द्यावा. नागपूरनं ते भोपाळला धाडलं. भोपाळला तेव्हा साहेब पोचले होते, खुर्च्या पोचायच्या होत्या. त्यांनी शेरा मारला, "स्थानीय व्यवस्था करें." झालं, गावात स्वागत समिती बसली.

समितीचे चिटणीस सुरेशबाबू मांडवाचं बोलायला माझ्या दुकानी आले. बोलता बोलता त्यांची नजर वर पाटीवर गेली अन् तिथंच थांबली.

"पारसनीसजी," ते म्हणाले, "आपको तो फारसी आती होगी."

माझ्या तोंडात पान होतं. तोंडात पान असलेला माणूस गप्प राहिला तर तो कबूल झाला, असं या बाबूला कोणी शिकवलं देव जाणे. मी थुंकायला उठलो अन् पाहिलं, आत नंदू पुस्तकातून मान वर काढून माझ्याकडं बघत होता. नुसता बघत होता. मंग मी पान थुंकलं, मिशीवरून हात फिरवला अन् म्हणालो, "आमच्या घराण्याचं कामच ते."

यात खोटं काय? घराण्याचं काम होतंच. मी करतो असं कुठं म्हणालो?

तुम्ही म्हणाल, बुऱ्हाणपुरासारख्या गावात फारसी जाणणाऱ्यांचा काय दुष्काळ? मुन्शी करामतअली होते ना, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. फारसी त्यांना अशी यायची जशी आम्हाला शिवी येते, विचार न करता. पण समितीचे अध्यक्ष वकीलसाहेब. वकील लोक सरळ रस्त्यानं घरीसुद्धा जात नाहीत. ते म्हणाले, मुन्शीजी फारसी बोलले तर त्यात एकात्मता कुठं दिसली? आपल्या जामा मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरलेलं आहे. तसं पाहिजे. स्वागत फारसीतून पारसनीस करतील, अन् त्याआधी संस्कृत श्लोक मुन्शीजी म्हणतील. टाळ्या पडल्या, ठराव पास झाला. मला अन् मुन्शीजींना कोणी विचारलंच नाही. एकात्मता अशीच होते, ज्याची करायची त्याला विचारत बसलं तर व्हायचीच नाही.

मंग सुरेशबाबूंनी मला बोलावून सांगितलं की फारसी येत असल्याचा दाखला लागेल. मी म्हणालो कोणाचा? ते म्हणाले नागपूरचा असता तर चालला असता, पण आता नागपूरचा चालत नाही अन् भोपाळचं खातं अजून उघडलं नाही. मी म्हणालो, मंग जाऊ द्या, मला नको. खरंच सांगतो, सुटायची ती एकच फट होती. पण बाबू माणूस अडवायला बसला की अडवतो अन् सोडवायला बसला की बापालाही सोडवतो. त्यांनी माझं रेशनकार्ड मागितलं, त्यावरचं आडनाव लाल शाईनं अधोरेखित केलं, अन् शेजारी लिहिलं, "प्रमाण देखा." कार्डावर साखर मिळायची तिथं आता फारसीपण मिळाली.

गावात बातमी फिरली अन् सल्ले सुरू झाले. शेजारचे मोतीलालशेठ किराणावाले. त्यांचं म्हणणं, फारसीत काही नसतं, कोणत्याही शब्दाला शेवटी 'अस्त' लावायचं. ते स्वतः दिवसभर गिऱ्हाइकांना "गूळ अस्त, तेल नास्त" करून दाखवत बसले. दूधवाली सोजरबाई म्हणाली, घसा बसला म्हणून गळ्याला फडकं बांधा. कुसुम म्हणाली पोट दुखू द्या. आमचा निंबा, दापोऱ्याचा गडी, मांडवाचे दोर त्याच्या हातात, तो आपला बाजूला घेऊन म्हणाला, "मालक, तुमी उभे रायले का मी माईकची वायर वढून टाकतो. मंग तुमी कायबी बोला."

मी म्हणालो, "निंब्या, पारसनीस पळून जात नाही." हे जरा जोरात म्हणालो, कारण नंदू आत होता.

त्याच दुपारी गोदामाच्या दारात मुन्शीजी उभे. दाढी विंचरलेली, पण चेहरा उतरलेला. आत आले, घडी घातलेल्या जाजमांच्या ढिगावर बसले अन् म्हणाले, "पारसनीस साहब, मुझे बचाइए. संस्कृत का एक हर्फ़ नहीं आता."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. आजारी माणसाला शेजारच्या खाटेवर ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं. मी म्हणालो मुन्शीजी, संस्कृतची काळजी सोडा. शेकडो सत्यनारायण मी मांडवाच्या मागं उभं राहून ऐकलेत. श्लोक मला पाठ आहेत. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो अर्थ मला कोणी सांगितला नाही. भटजी दक्षिणा सांगतो, अर्थ सांगत नाही.

सौदा ठरला. रोज दुपारी गोदामात मी त्यांना श्लोक घोकवायचा, त्यांनी मला फारसी. मुन्शीजी हुशार, दोन दुपारी झाल्या नाहीत तो श्लोक त्यांच्या जिभेवर बसला. फक्त चाल गझलेची लागायची. माझं मात्र अवघड होतं. "ऐ मेहमाने-गिरामी, बुरहानपूर ब शुमा सलाम मी-गोयद." म्हणजे, हे थोर पाहुण्या, बुऱ्हाणपूर तुम्हाला सलाम सांगतं. हे पहिलं वाक्य. अशी सात-आठ होती. पहिलं पाठ झालं की दुसरं पाठ व्हायचं, अन् दुसरं आलं की पहिलं गोदामाच्या मागच्या दारानं निघून जायचं.

मुन्शीजी कधी रागावले नाहीत. ते मला माझंच नाव समजावून सांगायचे. म्हणायचे, पारसी अन् नवीस. नवीस म्हणजे लिहिणारा. तुमचा फडणीस, तुमचा चिटणीस, सगळे त्याच घरचे. तुमच्या नावातलं अक्षर न् अक्षर फारसी आहे, तुमच्या जिभेनंच काय गुन्हा केला? अन् ढुंगणाखालच्या जाजमावर थाप मारून म्हणायचे, "ये भी फारसी है, मियाँ. आधा ईरान तो आपके गोदाम में पड़ा है." मी म्हणायचो पडलं असेल, पण भाड्यानं जातं, बोलत नाही.

घरी मी मुद्दाम मोठ्यानं घोकायचो. नंदूनं ऐकावं म्हणून. तो ऐकायचा. एका सकाळी तो म्हणाला, "बाबा, त्या दिवशी पाटी लावू नका. फजिती व्हायची ती होईल. निदान नावासकट नको."

हे मात्र लागलं. पोरानं बापाच्या फजितीची तयारी इतक्या मायेनं करावी, यापेक्षा त्यानं भांडण केलेलं बरं.

आता धंद्यातली एक रीत सांगतो, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मांडव उतरवून गाडी भरताना सामान सुटू नये म्हणून आम्ही हाकारा करतो. मी गाडीजवळ उभं राहून एकेक नाव घ्यायचं, अन् ज्याच्या ताब्यात ती वस्तू त्यानं जिथं असेल तिथून ओरडायचं, "हाजिर!" माझ्या आज्यापासूनची रीत. क्रमही तोच. शामियाना निंबाचा, जाजम, गालिचा, तक्के दुसऱ्या गड्यांचे. फानूस म्हणजे काचेचे दिवे, ते फक्त नंदूचे. लहानपणी त्यानं हट्टानं मागून घेतलेले, तेव्हापासून त्यांना दुसरं कोणी हात लावत नाही. अन् सगळ्यात शेवटी पाटी. पाटी हाजिर झाली की गाडी हलते, त्याआधी नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. किल्ल्यासमोर, तापीचं वारं खात, आमचा मोठा शामियाना उभा राहिला. सगळं चढलं, पाटी सोडून. ती नंदूनं गाडीत पोत्यांखाली ठेवली होती. मी दारावरच्या रिकाम्या खुंटीकडं पाहिलं अन् आत गेलो.

आगा दिलावरी आले. उंच, पांढऱ्या केसांचे, डोळे हसरे. त्यांच्यासाठी खाली बैठक अन् त्यावर आमच्याकडचा सगळ्यात चांगला गालिचा. आधी मुन्शीजी उठले. श्लोक असा म्हणाले की काय सांगावं. पहिली ओळ मुशायऱ्यासारखी दोनदा म्हणून थांबले, अन् सवयीनं लोकांकडं पाहिलं. लोकांनीही सवयीनं "वाह वा" केलं. मागच्या रांगेतून कोणीतरी "मुकर्रर" म्हणून पुन्हा म्हणायला लावला. आमच्या गावात देवालाही अशी दाद कधी मिळाली नव्हती.

मंग वकीलसाहेबांनी माझं नाव पुकारलं, "श्री प्रभाकर पारसनीस."

पाहुणे चमकले. माझ्याकडं बघून म्हणाले, "पारसी-नवीस?" अन् उठून उभे राहिले, छातीवर हात ठेवून वाकले. बघा, जन्मभर लोकांनी मला नाव विचारलं, मंग नावाचा अर्थ विचारला, मंग पारशी का म्हणून विचारलं. हा पहिला माणूस की ज्यानं काहीच विचारलं नाही. नाव ऐकलं अन् त्याला कळलं. खांबाला टेकून नंदू उभा होता, त्यानं ते बघितलं. अन् मला कळलं की आता बोलावं लागणार.

पहिलं वाक्य आलं. "ऐ मेहमाने-गिरामी, बुरहानपूर ब शुमा सलाम मी-गोयद." पाहुण्यांनी मान डोलावली, पुढं सरकून बसले. वकीलसाहेब माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मला त्यांनीच जन्म दिला. मी दुसरं वाक्य आणायला आत गेलो. आत कोणी नव्हतं. तिसरं नाही, चौथं नाही. झाडून रिकामं.

माईक कूं कूं करत होता. मोतीलालशेठ पुढच्या रांगेतून ओठांनी "अस्त, अस्त" करत होते. निंबानं वायरीकडं हात नेला, मी डोळ्यानंच नको म्हणालो. काही सुचलं नाही म्हणजे माणूस वर बघतो, तसं मी वर बघितलं. वर माझा शामियाना.

घाबरलो नाही मी. का घाबरू? आपल्याच मांडवात कोणी घाबरतं का? मुन्शीजी म्हणाले होते, अर्धं इराण माझ्या गोदामात आहे. अन् गोदाम तर इथं उभं होतं. मी हात वर केला अन् गाडी भरताना लावतो त्या आवाजात म्हणालो,

"शामियाना!"

दोराजवळून निंबा सवयीनं ओरडला, "हाजिर!"

पाहुण्यांनी वर बघितलं, खूश होऊन म्हणाले, "शामियाना!" मी खाली हात केला. "जाजम!" मागून आवाज आला, "हाजिर!" "गालिचा!" "हाजिर!" "तकिया!" "हाजिर!" पाहुणे एकेका वस्तूवर हात ठेवून तो शब्द माझ्यामागं म्हणत होते. लोकांना वाटलं इराणात स्वागत असंच करतात, तेही हाजिर म्हणायला लागले. वकीलसाहेब तर सगळ्यांच्या आधी. अख्खा किल्ला हाजिर होत होता.

"फानूस!" मी म्हणालो.

कोणी बोललं नाही.

निंबा बोलला नाही, गडी बोलले नाहीत. फानूस ज्याचा त्यानं बोलायचं, ही आमची रीत. लोकसुद्धा थांबले, त्यांना वाटलं इथं थांबायचं असतं. मी नंदूकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं. वर काचेचे दिवे वाऱ्यानं किणकिणत होते. मी पुन्हा म्हणालो, जरा हळू, "फानूस?"

खांबाजवळून आवाज आला, "हाजिर."

आवाज घोगरा होता. पोराचा आवाज त्या वर्षी फुटत होता, दुसरं काही नाही.

पाटीचा पुकारा मात्र मी केला नाही. ती दारावर नव्हती, म्हणून तिथंच हात जोडून बसलो. टाळ्या अशा पडल्या की किल्ल्यावरची कबुतरं पार तापीपलीकडं जैनाबादेकडं उडाली.

मंग पाहुणे उठले अन् फारसीत बोलले, बराच वेळ, मधेमधे गालिच्याकडं अन् माझ्याकडं बघत. तीनदा त्यांनी मला थेट काहीतरी विचारलं. तीनदा मी छातीवर हात ठेवून मान लववली. पाहुण्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. ते बसले तसे वकीलसाहेब म्हणाले, पारसनीसजी, हिंदीत सांगा. मी सांगितलं. मांडवाच्या मागं उभं राहून इतकी भाषणं ऐकलीत मी, पाहुणा काय बोलतो मला ठाऊक नाही? म्हणालो, ते म्हणतात तुमचं शहर सुंदर, तुमचे लोक प्रेमळ, हे स्वागत जन्मभर विसरणार नाही. कोपऱ्यात मुन्शीजींनी तोंडात रुमाल कोंबला होता. दाढी हलत होती.

कार्यक्रम संपल्यावर मुन्शीजींनी मला गाठलं. मी विचारलं, मी सांगितलं ते बरोबर होतं का?

"बिल्कुल दुरुस्त," ते म्हणाले. "सिर्फ़ एक बात रह गई." मंग डोळे पुसत त्यांनी सांगितलं ते असं. पाहुणे म्हणाले, या शहराची काय मोठी रीत, की घरातली एकेक वस्तू नाव घेऊन पाहुण्याला भेट म्हणून नजर करतात. एवढं सगळं मी कसं नेऊ? पण अगदीच नाकारलं तर तुमचा अपमान होईल. तर हा गालिचा नेऊ का? खरंच नेऊ? मनापासून म्हणता ना?

मी वळून बघितलं. पाहुण्यांची मोटार किल्ल्याच्या दारातून निघाली होती अन् टपावर दोरीनं बांधलेला माझा सगळ्यात चांगला गालिचा होता. आतून पाहुणे हात हलवत होते. मीही हलवला. दुसरं काय करणार? पारसनीसाच्या दारातून पाहुणा रिकामा गेला नाही, एवढं तरी इराणात कळेल.

दुपारी मांडव उतरला. बैलगाडी भरली अन् मी हाकाऱ्याला उभा राहिलो.

"शामियाना?"

"हाजिर."

"जाजम?"

"हाजिर."

"गालिचा?"

गड्यांनी एकमेकांकडं बघितलं. शेवटी निंबा म्हणाला, "तो इराणले गेला, मालक." अन् मंग गडी हसायला लागले ते थांबेचनात. मी रागावून बघितलं, पण तेवढ्यात मलाही आवरेना. तक्के हाजिर झाले. फानूस हाजिर झाले, एकही काच न फुटता.

शेवटचा पुकारा राहिला. पाटी पोत्यांखाली आहे हे मला माहीत होतं, नंदूलाही माहीत होतं. फॉर्म दुसऱ्या दिवशी जायचा होता, तेही दोघांना माहीत होतं. मी बैलांच्या शिंगांकडं बघत म्हणालो, "पाटी?"

मागं पोती सरकवल्याचा आवाज झाला. वळलो तर नंदू गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता, पाटी मांडीवर घेऊन, सदऱ्याच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसत. 'पा'पासून सुरू करून तो 'पारसनीस'च्या शेवटच्या 'स'पर्यंत आला होता.

"हाजिर," तो म्हणाला.

निंबानं बैलांना हाक दिली अन् गाडी हलली.